काचेला चिकटलेला दारासिंग : गिरगावातील एका छायाचित्र-दुरुस्ती स्टुडिओविषयी

गिरगावात ठाकुरद्वार नाक्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खराब झालेली छायाचित्रे दुरुस्त करून देणारा एक छोटा स्टुडिओ आहे. तिथे एक बाई आणि त्यांचा तरुण मदतनीस अशी दोनच माणसे काम करतात. काम एकदम वाढले तर ते हातून बिघडेल, या काळजीने त्यांनी स्टुडिओचे नाव छापू नये अशी विनंती केली आहे आणि ती मी पाळतो आहे. मी त्यांच्याकडे एकच छायाचित्र नेले होते. सव्वादोन इंच चौरसाचे, नागमोडी कातरलेल्या कडांचे, कृष्णधवल, आणि वर्षानुवर्षे ज्या फ्रेममध्ये होते त्या फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेले. त्यात वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधील रिंग आहे आणि रिंगमध्ये दोन पैलवान आहेत. मागच्या बाजूला माझ्या वडिलांच्या हातचे पेन्सिलीतले दोनच शब्द आहेत : ‘दारासिंग, वरळी’. साल लिहिलेले नाही, प्रतिस्पर्ध्याचे नावही नाही.

हे छायाचित्र वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतः काढले होते. अण्णा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते आणि दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी आग्फा क्लिक थ्री हा साधा, बडोद्यात तयार होणारा कॅमेरा घेतला होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी छायाचित्रे निघत. त्यांतली दहा-अकरा घरच्या माणसांची आणि गावाकडची असत. एखादे त्यांच्या हौसेचे असे. १९८२ च्या संपात घरातल्या इतर गोष्टींबरोबर तो कॅमेराही विकावा लागला, निगेटिव्ह पुढे घर बदलताना कुठेतरी गहाळ झाल्या, आणि दारासिंगच्या लढतीची खूण म्हणून ही एवढीच प्रत उरली.

आजच्या मुंबईत वरळीचे ते स्टेडियम ‘डोम’ या नावाने ओळखले जाते. २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला सामना तिथेच झाला आणि २०२० साली करोनाच्या रुग्णांसाठी तिथे खाटा लावल्या गेल्या. गिरणगावातल्या आमच्या पिढीला मात्र लाला लजपतराय मार्गावरची ती जागा फ्रीस्टाइल कुस्त्यांमुळे माहीत होती. कुस्त्या जाहीर झाल्या की भिंतींवर मोठ्या लाल-काळ्या अक्षरांची पत्रके लागत. दारासिंग, त्याचा धाकटा भाऊ रंधावा, टायगर जोगिंदरसिंग आणि किंगकाँग ही नावे आम्हा मुलांना क्रिकेटपटूंच्या नावांआधी पाठ झाली होती. पाळी सुटली की अण्णा आणि चाळीतले त्यांचे चार सोबती चालतच वरळीला जात आणि रात्री उशिरा चालतच परत येत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सगळी लढत पुन्हा एकदा, या वेळी हातवाऱ्यांनी, होत असे.

या हातवाऱ्यांतून जो दारासिंग मला कळला तो पुढे छापील मजकुरातून कळलेल्या दारासिंगशी बराचसा जुळतो. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावी १९२८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९४७ च्या सुमारास सिंगापूरला गेला, तिथे व्यावसायिक कुस्ती शिकला, भारतात परतल्यावर १९५४ साली रुस्तम-ए-हिंद झाला, आणि १९५९ साली कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्को याला हरवून राष्ट्रकुल विजेता ठरला. किंगकाँगशी त्याच्या लढती अनेक शहरांत झाल्या. किंगकाँगचे खरे नाव एमिल झाया. तो मूळचा हंगेरीचा. त्याचे वजन २०० किलो आणि दारासिंगचे १३० किलो असे सांगितले जाते. त्या किंगकाँगला दारासिंगने डोक्यावर उचलून गरगर फिरवले आणि रिंगबाहेर टाकले, ही हकिगत सर्वत्र रांचीच्या लढतीची म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या चाळीत मात्र ती वरळीचीच म्हणून सांगितली जाई, आणि ती सांगणारी माणसे खोटे बोलत होती असे मला आजही वाटत नाही. पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टी वर्षांनुवर्षे एकमेकींत मिसळत जातात. माझ्या छायाचित्राच्या बाबतीतही तसेच काहीसे झाले होते. ते पुढे येईलच.

चाळीत या कुस्त्यांविषयी दोन तट होते. लालबाग-परळच्या तालमींत घुमलेल्या, सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना रिंगमधली कुस्ती लुटुपुटीची वाटे. त्यांच्यासाठी कुस्ती म्हणजे लाल माती, हलगी, आणि दोन्ही खांदे मातीला लागून चितपट होणारा निकाल. हेलसिंकीहून १९५२ साली कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव, पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे ही त्यांची दैवते. दोर, घंटा, फेऱ्या आणि पंचाशी हुज्जत घालणारा परदेशी पैलवान यांना त्यांच्या लेखी कुस्तीत जागा नव्हती. अण्णा लहानपणी गावच्या तालमीत गेलेले होते, तरीही ते वरळीला जात, आणि त्यांचे म्हणणे मला अजून आठवते : “निकाल ठरलेला असंल, पर दोनशे किलोचा माणूस उचलायचा कसा ठरवणार? तो उचलावाच लागतो.” ज्याच्याविरुद्ध दारासिंगने १९६८ साली मुंबईत जगज्जेतेपदाची लढत जिंकली त्या अमेरिकन लू थेझनेही आपल्या आत्मकथनात दारासिंगला अस्सल पैलवान म्हटले आहे आणि त्याच्या कमावलेल्या शरीराचे कौतुक केले आहे. थेझ हा स्वतः डावपेचांचा जाणकार होता. प्रदर्शनी पैलवान आणि कुस्ती येणारा पैलवान यांतला फरक त्याला इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत होता. अण्णांना थेझचे मत वाचायला मिळाले असते तर त्यांना फार बरे वाटले असते.

आता कामाकडे येतो. हे छायाचित्र दुरुस्त करण्याचा माझा हा पहिला प्रयत्न नव्हता. दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका दुकानात (त्याचे नाव मी देत नाही) मी ते दिले होते. त्यांनी काचेवरूनच मोबाइलने फोटो घेतला, कुठल्याशा प्रणालीतून काढला आणि दुसऱ्या दिवशी बारा इंची रंगीत प्रत हातात ठेवली. प्रत चकचकीत होती. परंतु दोन्ही पैलवानांचे चेहरे एकाच माणसाचे असावेत तसे सारखे झाले होते आणि तो चेहरा दारासिंगचा नव्हता. रिंगचे तीन दोर होते त्यांचे चार झाले होते. आणि ज्या ठिकाणी मूळ छायाचित्रात फक्त काळोख आहे तिथे टाळ्या वाजवणाऱ्या, हसणाऱ्या माणसांची रांग उगवली होती. अण्णांनी पाहिलेली एकही गोष्ट त्या प्रतीत शिल्लक नव्हती. मी पैसे देऊन ती प्रत घरी आणली आणि कपाटात ठेवून दिली.

गिरगावच्या स्टुडिओत पहिल्या भेटीत जवळजवळ पाऊण तास गेला आणि त्या वेळात छायाचित्राला कोणी हातही लावला नाही. बाईंनी फ्रेम आडवी ठेवून भिंगातून पाहिली आणि मला प्रश्न विचारले : छायाचित्र कोणी काढले, कॅमेरा कोणता, बसायची जागा रिंगपासून साधारण किती दूर असे, घरात ते कोणत्या भिंतीवर होते, त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊकच होते असे वाटले. मुंबईच्या दमट हवेत छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि छायाचित्र काचेला नुसते टेकवून बसवलेले असेल तर तो थर काचेला धरतो. मग ते ओढून काढले की प्रतिमा काचेवर आणि कागद हातात, अशी गत होते. “काका, आधी आहे तसं टिपून घेऊ. मग सोडवायचं की नाही ते ठरवू. सोडवताना गेलं तर निदान हे तरी राहील,” असे त्या म्हणाल्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जुने छायाचित्र घेऊन कुठेही जाणाऱ्याने, समोरचा माणूस आधी प्रत टिपतो की आधी सोडवायला घेतो, एवढे अवश्य पाहावे.

काचेवरून टिपायचे म्हणजे चकाकी येणार. त्यासाठी त्यांनी कॅमेरा उभ्या दांडीवर खाली तोंड करून बसवला, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले आणि दिव्यांवर व भिंगावर ध्रुवीकरण करणारे फिल्टर लावून काचेची चमक जवळजवळ पूर्ण घालवली. छायाचित्राच्या गडद भागांवर जी चंदेरी झाक आली होती तीही त्याच उपायाने बरीच कमी झाली. ती झाक म्हणजे थरातली चांदी पृष्ठभागावर येणे, आणि एका बाजूचा पिवळेपणा म्हणजे त्या काळी हायपो (छायाचित्र पक्के करणारे रसायन) नीट न धुतला गेल्याचा परिणाम, हे त्यांनी मी न विचारताच समजावून सांगितले. मूळ प्रत सोडवायची नाही, असे शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवले. मधला भाग काचेला घट्ट धरलेला होता आणि दारासिंग नेमका त्याच भागात होता.

दुसऱ्या भेटीत, दहा दिवसांनी, त्यांनी मला पडद्यावर अर्धवट झालेले काम दाखवले. बुरशीचे ठिपके, काचेवरचे ओरखडे, पिवळा डाग हे गेले होते. रिंगचे तीन दोर स्वच्छ दिसत होते. खालच्या कडेला प्रेक्षकांच्या पाठमोऱ्या डोक्यांची ओळ उमटली होती आणि त्यांतल्या चार-पाच डोक्यांवरच्या पांढऱ्या टोप्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण दारासिंगचा उजवा हात आणि प्रतिस्पर्ध्याचे डोके अजून पुसट होते. मी विचारले, “हे राहिलंय का?” त्यावर त्या म्हणाल्या, “नाही काका, ते झालंय. हा डाग नाही, ही हालचाल आहे. तुमच्या वडिलांच्या कॅमेऱ्याचा शटर इतका वेगवान नव्हता. हात फिरत होता, म्हणून असा आला. तो मी सरळ केला तर तो माझा हात होईल.”

या एका वाक्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे. क्लिक थ्रीचा शटर सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाचा. तेवढ्या वेळात पैलवानाचा हात चांगला वीतभर सरकतो. रिंगवर दिव्यांचा झोत नसता तर त्या कॅमेऱ्याने आत काहीच टिपले नसते. म्हणजे तो पुसट पट्टा हा त्या क्षणाचाच भाग आहे, वेळेने केलेली इजा नव्हे. इजा कोणती आणि मूळ कोणते हे ओळखण्यातच या कामाचे सगळे कौशल्य आहे, आणि पहिल्या दुकानाने नेमके तेच ओळखले नव्हते.

याच भेटीत आमच्या घरातल्या एका समजुतीलाही धक्का लागला. माझा थोरला भाऊ नेहमी सांगत आला आहे की हे छायाचित्र २९ मे १९६८ च्या लढतीचे, म्हणजे लू थेझचे आहे. तो त्या वेळी चौदा वर्षांचा होता आणि अण्णा त्या लढतीला गेले होते हे त्याला स्पष्ट आठवते. अण्णा तिथे गेले असतीलच, त्याविषयी मला शंका नाही. थेझ त्या वेळी ५२ वर्षांचा होता; वयाच्या २१ व्या वर्षी जगज्जेता झालेल्या या पैलवानाने नॅशनल रेसलिंग अलायन्सचा किताब १९६६ साली जीन किनिस्कीकडे गमावला होता, तरीही त्याच्या नावाचे वजन एवढे होते की त्याला हरवणे म्हणजे जग जिंकणे असे गिरणगावाने मानले, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु थेझ हा शंभर किलोंच्या आसपासचा, शिडशिडीत म्हणावा असा पैलवान होता. बाईंना कुस्तीतले काही कळत नाही, त्यांनी फक्त दोरांमधले अंतर घेऊन दोन्ही खांद्यांची रुंदी मोजली आणि विचारले, “समोरचा माणूस दारासिंगच्या जवळजवळ दीडपट रुंद आहे. तुम्ही सांगता ते पैलवान एवढे मोठे होते का?” नव्हते. इतक्या वर्षांत आम्ही ते छायाचित्र हजार वेळा पाहिले असेल, पण त्यावरची बुरशी आणि आमची समजूत या दोहोंच्या आडून पाहिले होते.

किंगकाँग असावा, असे माझ्या तोंडून लगेच निघाले. बाईंनी तेही लिहून घ्यायला नकार दिला. खाली नाव छापायचे असेल तर वडिलांनी लिहिले आहे तेवढेच छापू, असा त्यांचा आग्रह होता आणि मी तो मानला. प्रतीच्या खाली आता ‘दारासिंग, वरळी’ एवढेच आहे, तेही अण्णांच्या अक्षरात, कारण मागची पेन्सिलीतली अक्षरे त्यांनी वेगळी टिपून तिथे घेतली. त्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

मला पंधरा इंची प्रत हवी होती. त्यांनी आठ इंचांचा सल्ला दिला. एवढ्या लहान मुळातून त्याहून मोठी प्रत काढली तर फक्त कण मोठे होतील, तपशील वाढणार नाही, हे त्यांनी दोन्ही आकारांचे तुकडे छापून समोर ठेवून दाखवले. आठ इंची प्रत कापसाच्या लगद्याच्या, आम्ल नसलेल्या कागदावर काढली आहे आणि फ्रेममध्ये भोवती जाड माउंट घातले आहे, ज्यामुळे ती काचेला टेकत नाही. जुनी फ्रेम, तिच्या काचेसकट आणि तिला चिकटलेल्या मूळ प्रतीसकट, त्यांनी वेगळ्या खोक्यात घालून परत दिली आणि ओल नसलेल्या भिंतीच्या कपाटात ठेवायला सांगितली.

उणिवाही सांगायला हव्यात. तीन आठवड्यांत देतो म्हटलेले काम पाच आठवड्यांनी मिळाले आणि उशीर होणार हे मला मीच फोन केल्यावर कळले. इमारतीला लिफ्ट नाही व जिना उभा आहे. ज्यांच्याकडे अशी छायाचित्रे असतात त्यांची वये पाहता ही खरी अडचण आहे. पहिली प्रत मला जास्त गडद वाटली, टोप्यांची पांढरी कड त्यात बुडाली होती. त्यांनी वाद न घालता दुसरी काढून दिली, पण त्यासाठी पुन्हा तीन मजले चढावे लागले. दुरुस्तीचे २,८०० रुपये, प्रत आणि फ्रेमचे मिळून १,९०० रुपये झाले. पहिल्या दुकानाने ६०० रुपये घेतले होते. ज्याला भिंतीवर लावायला एखादे चकचकीत चित्र हवे आहे त्याला हा खर्च अवाजवी वाटेल, आणि त्याने इथे येऊ नये असेच मी सुचवीन. स्टुडिओ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा उघडा असतो, बुधवारी बंद. आधी फोन करून जावे.

१२ जुलै २०१२ रोजी दारासिंग जुहूच्या आपल्या घरी वारले तेव्हा दूरचित्रवाणीवर दिवसभर ‘रामायण’ मालिकेतला हनुमान दाखवला जात होता. ते साहजिक होते. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी आमच्या चाळीतही त्यांचा प्रवेश झाला की म्हाताऱ्या बायका हात जोडत. अण्णा मात्र तेव्हाही टीव्हीकडे बोट दाखवून म्हणत, “हा वरळीला घामानं निथळायचा, मी बघितलाय.” १९८३ साली दिल्लीत दारासिंगने कुस्ती सोडली, त्याच्या आदल्या वर्षीच गिरण्या बंद पडल्या होत्या, आणि वरळीला चालत जाणारे अण्णांचे ते सोबती गावोगाव पांगले होते. आजही एखादा पोरगा उगाच ताकद दाखवू लागला की ‘स्वतःला दारासिंग समजतोस काय’ असे आपण म्हणतो. तसे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो घाम पाहिला असेल. या प्रतीत तो दिसतो. पाठीवर, दिव्याखाली, खांद्यापासून कमरेपर्यंत एक चमकती रेघ आहे. ती दुरुस्तीत घातलेली नाही ना, असे मी विचारले तेव्हा बाईंनी दुरुस्तीच्या आधीचे टिपण उघडून तीच रेघ तिथे दाखवली.

प्रत घेऊन मी भावाकडे डोंबिवलीला गेलो. थेझ नसल्याचे ऐकून त्याला वाईट वाटले आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग चष्मा पुसून त्याने खालच्या ओळीतल्या टोप्या एकेक करून पाहिल्या आणि त्यांपैकी एक टोपी तिरकी घातलेली आहे, आमच्या मजल्यावरचे रात्रपाळीचे जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, तशीच घालत असत, असे म्हणाला. ते अण्णांच्या पुढच्या पायरीवर बसत. दुसऱ्या प्रतीची मागणी त्याने तिथेच केली; ती मी नोंदवली आहे आणि गणपतीनंतर मिळेल असे बाईंनी सांगितले आहे.